न लिहिलेले डाव : क्वेकच्या आखाड्यातील एका विद्येचा इतिहास

कुस्तीच्या जागेस आपण आखाडा म्हणतो. हा शब्द संस्कृत 'अक्षवाट' या शब्दापासून आला. अक्ष म्हणजे फासा आणि वाट म्हणजे कुंपण घातलेले आवार. म्हणजे मल्लांच्या जागेच्या नावातच जुगाऱ्यांचा फासा दडलेला आहे. इंग्रजीतील 'अरीना' या शब्दाचे मूळ लॅटिन. त्याचा अर्थ निव्वळ वाळू. रोमन रिंगणात सांडलेले रक्त शोषून घ्यावे म्हणून जी वाळू पसरत, तिचेच नाव पुढे रिंगणास पडले. आपल्या हौद्यातली तांबडी माती आणि रोमनांची वाळू यांचे नाते कोणी तपासले आहे काय, न कळे. परंतु १९९९ च्या डिसेंबरात टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या संस्थेने 'क्वेक थ्री अरीना' नावाचा संगणकीय खेळ बाजारात आणला, तेव्हा ही जुनी वाळू एका नव्या शीर्षकात येऊन बसली एवढे खरे.

प्रस्तुत लेखाचा विषय या खेळातील लढण्याची विद्या हा आहे. खेळ चांगला की वाईट, मुलांनी तो खेळावा की खेळू नये, हा वाद आम्हांस येथे घालावयाचा नाही. तो वर्तमानपत्रांनी पुरेसा घातला आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे हा विषय आणण्याचे कारण वेगळे आहे. संहिता लिहिणारा एक आणि तिच्यातून अर्थ काढणारे अनेक, या दोहोंमधील ताण हा आपल्या अभ्यासाचा नित्याचा विषय. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिली, तेव्हापासून त्यावर आपण कितीतरी परिसंवाद केले. तथापि लेखकाने मनातही न आणलेली गोष्ट वाचकांनी संहितेतून शोधून काढली, तिचे शास्त्र बनवले, लेखकाने ती खोडून पाहिली आणि अखेरीस हात टेकले, असे धडधडीत उदाहरण साहित्याच्या इतिहासात क्वचितच सापडते. क्वेकच्या इतिहासात ते सापडते, आणि तेही तारीखवार.

आधी खेळाचे स्वरूप. एका बंदिस्त जागेत दोन किंवा अधिक खेळाडू उतरतात. प्रत्येक जण आपापल्या पात्राच्या डोळ्यांनी ती जागा पाहतो. सर्वांचा आरंभ सारखा: तेच बळ, तेच साधे हत्यार. उरलेली शस्त्रे, चिलखते आणि औषधे जागोजागी जमिनीवर ठेवलेली असतात. जो आधी पोहोचेल त्याची. मेलेला खेळाडू क्षणार्धात दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा उभा राहतो, मात्र हाती मिळवलेले सर्व गमावून. ठरलेल्या वेळात ज्याने अधिक वेळा मारले तो जिंकला. पैशाने विकत घेण्याजोगे बळ नाही, पूर्वपुण्याई नाही. जत्रेत वजन आणि वकूब पाहून जोड लावतात. येथे तर दोघांचे वजन यंत्रच तंतोतंत सारखे करून देते. मग उरतो तो केवळ अभ्यासाचा फरक.

या प्रकाराचे बीज वाटते त्याहून जुने आहे. कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात १९७३-७४ च्या सुमारास काही तरुणांनी 'मेझ' नावाचा खेळ रचला. त्यात खेळाडू चक्रव्यूहासारख्या बोळांतून फिरत आणि एकमेकांना तरंगत्या डोळ्याच्या रूपात दिसत. देहाचे चित्र काढण्याइतकी शक्ती त्या यंत्रात नव्हती, म्हणून नुसता डोळा. पुढल्या सगळ्या परंपरेचे सार त्या काटकसरीत नकळत उतरले असे आम्हांस वाटते. १० डिसेंबर १९९३ रोजी इड सॉफ्टवेअरचा 'डूम' आला. जाळ्याने जोडलेल्या चार संगणकांवर चौघांना परस्परांशी लढता येई. या झुंजीस 'डेथमॅच' हे नाव जॉन रोमेरो यांनी दिले. २२ जून १९९६ रोजी 'क्वेक' आला. त्यातील अवकाश खऱ्या अर्थाने त्रिमितीय होता, आणि इंटरनेटवरून दूरदूरचे खेळाडू एका सामायिक यंत्राशी जोडले जात. टेलिफोनच्या तारेवरून खेळणाऱ्यांना उशिराचा जाच फार होता. कळ दाबावी आणि पात्राने अर्ध्या श्वासानंतर पाऊल उचलावे, अशी अवस्था. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन कारमॅक यांनी 'क्वेकवर्ल्ड' या सुधारित आवृत्तीत खेळाडूच्या स्वतःच्या संगणकालाच पुढचे पाऊल अंदाजाने टाकू दिले. आखाडा जगभर पसरला तो या अंदाजाच्या जोरावर.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. क्वेक थ्रीमध्ये धावण्याचा कमाल वेग ठरलेला आहे: खेळाच्या मापाने सेकंदाला ३२० एकके. कितीही कळा दाबा, सरळ धावताना त्याहून पुढे जाता येत नाही. असे असूनही मुरलेला खेळाडू नवख्याच्या दुप्पट वेगाने अंगणातून उडत जाताना दिसतो. हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे.

वेगावर मर्यादा घालणारी जी संगणकीय ओळ कारमॅक यांनी लिहिली, ती एकूण वेग मोजत नाही. खेळाडूस ज्या दिशेस जावयाचे आहे, त्या दिशेवर सध्याच्या वेगाची जी सावली पडते, तेवढीच ती मोजते. सावली ३२० पेक्षा कमी भरली, तर ओळ म्हणते, अजून वाव आहे, थोडा वेग वाढवून द्या. एखाद्या रखवालदाराने माणसाची उंची त्याच्या सावलीवरून मोजावी, आणि माणसाने जरा तिरपे उभे राहून सावली आखूड पाडावी, तसा हा प्रकार. खेळाडू धावतो एकीकडे आणि कळ दाबतो किंचित तिरक्या दिशेची. सावली आखूड पडते, वेग वाढतो. वेग वाढला की कोन पुन्हा किंचित बदलावा लागतो, नाहीतर लाभ थांबतो. म्हणून उजव्या हातातील माउस सतत, अगदी सुताने, वळत राहिला पाहिजे. जमिनीचे घर्षण हा जमवलेला वेग खाऊन टाकते, त्यामुळे पाय टेकताक्षणी पुन्हा उडी. उडी, कोन, उडी, कोन. यास इंग्रजीत 'स्ट्रेफ जंपिंग' असे नाव पडले. ही विद्या कोणा एका माणसाने शोधली असे सांगता येत नाही. क्वेकच्या पहिल्या काळापासून अनेकांच्या हातांना ती थोडीथोडी गवसत गेली, आणि गणित पुष्कळ नंतर समजले. हातास आधी कळले, डोक्यास मागून. कोणत्याही तालमीतला जाणता माणूस यावर मान डोलावेल.

कारमॅक यांना हे रुचले नव्हते. क्वेक थ्री घडत असताना, १९९९ च्या उन्हाळ्यात, आपल्या जाहीर कार्यनोंदींत त्यांनी या उड्यांना उघडपणे दोष म्हटले. लोकांनी मेहनतीने तो आत्मसात केला, एवढ्याने त्याच्या अस्तित्वाचे समर्थन होत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यांनी ओळ दुरुस्त करून पाहिली. उड्या थांबल्या, पण साधे धावणेही बिघडले. वळताना पाय अडखळल्यासारखे वाटू लागले. दुरुस्ती मागे घेण्यात आली. २००५ च्या ऑगस्टमध्ये क्वेक थ्रीची मूळ संहिता सर्वांसाठी खुली झाली, तेव्हा त्यात ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी सापडली. चालू ठेवलेले रूप वर, आणि त्याखाली नाकारलेले रूप, न पुसता. नाकारलेल्या रूपाशेजारी एक टीप आहे. तिचा आशय असा की योग्य पद्धत ही आहे, हिने उड्यांचा दोष टळतो, पण हिचा अनुभव वाईट आहे.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हस्तलिखिताच्या समासात लेखकाने स्वतःच्या हाताने लिहावे की शुद्ध पाठ हा आहे, परंतु वाचकांस अशुद्ध पाठच गोड लागतो म्हणून तोच ठेवला आहे. असा समास आपल्या किती पोथ्यांना लाभला? ज्ञानेश्वरीच्या प्रती शुद्ध करताना एकनाथांनी काय काय बाजूला ठेवले असेल, या प्रश्नाने आपण अजून झुरतो. येथे टाकलेला पाठ जिवंत आहे, चालवूनही पाहता येतो. संगणकाच्या संहितांना वाङ्मयाच्या पंगतीला बसवण्याची घाई आम्हांस नाही. पण निदान संशोधनाची साधने म्हणून तरी त्यांच्याकडे पाहावयास काय हरकत आहे?

दुसरा प्रसिद्ध डाव अग्निबाणाचा. 'रॉकेट लाँचर' या शस्त्राचा बाण जेथे फुटतो, तेथून तो आसपासच्या सर्वांस ढकलतो; मारणाऱ्यासही. तेव्हा उडी मारताना बाण स्वतःच्याच पायाशी सोडावा. अंगावरचे काही बळ जळते, पण देह एरवी अशक्य अशा उंचीवर फेकला जातो. क्वेक थ्रीमध्ये स्वतःच्या बाणाची इजा निम्मी धरतात, म्हणजे येथे रचनाकारांनी वाचकांच्या शोधास संमतीच दिली. एका डावास विरोध आणि दुसऱ्यास आश्रय, हा भेद का झाला असावा? आमच्या मते कारण सरळ आहे. अग्निबाणाच्या उडीला किंमत मोजावी लागते आणि ती पाहणाऱ्याला कळते. तिरक्या उड्यांची किंमत केवळ सरावाची, ती दिसत नाही. म्हणून ती फसवणुकीसारखी वाटते.

शस्त्रांविषयी थोडे. क्वेक थ्रीत तीन शस्त्रांभोवती बहुतेक झुंज फिरते, आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रकारची नजर मागतात. अग्निबाण संथ जातो. प्रतिस्पर्धी आहे तेथे मारून उपयोग नाही, तो जेथे असेल तेथे मारावा लागतो, आणि तोही शक्यतो त्याच्या पायाजवळच्या जमिनीवर. 'रेलगन'चा मारा तत्क्षणी पोहोचतो, पण एकदा चुकला की दुसऱ्या माऱ्यास दीड सेकंद लागतो, आणि या खेळात दीड सेकंद म्हणजे पुष्कळ झाले. 'लाइटनिंग गन' विजेची अखंड धार सोडते. तिच्यासाठी नजर प्रतिस्पर्ध्यावर चिकटून राहिली पाहिजे. भविष्य पाहणे, क्षण पकडणे आणि पाठलाग न सोडणे, अशा या तीन नजरा. नवखा खेळाडू यांपैकी एकीवर प्रेम करतो आणि तिथेच अडकतो. ज्यास फक्त धोबीपछाड येतो, त्याचा धोबीपछाड फार दिवस चालत नाही.

परंतु नेम आणि वेग या दोहोंच्या वर एक तिसरी गोष्ट आहे, आणि ती बाहेरच्या माणसास दिसतच नाही: काळाचे भान. उचललेले चिलखत आपल्या जागी बरोबर २५ सेकंदांनी पुन्हा उगवते. ज्याने मागचे कधी उचलले गेले हे लक्षात ठेवले, तो पुढच्या वेळी ऐन क्षणी तेथे हजर असतो. झुंज चालू, बाण अंगावरून जाताहेत, आणि मनात मोजणी सुरू आहे. तबलजी गाण्याच्या गर्दीतही समेवर येतो, तसे. प्रतिस्पर्धीही तेच मोजत असतो, म्हणून चिलखत उगवण्याच्या क्षणी दोघे कोठे असणार हे दोघांनाही ठाऊक असते. मग प्रश्न उरतो, कोण कोणत्या दाराने येणार आणि कोण येण्याचे नुसते नाटक करणार. पावलांचे, उडीचे, वस्तू उचलल्याचे आवाज भिंतीपलीकडून ऐकू येतात. चांगला खेळाडू ते ऐकतो, आणि फार चांगला खेळाडू मुद्दाम ऐकवतो. कुस्तीतली खडाखडी बघणाऱ्यास वेळकाढूपणा वाटते, पण निम्मी कुस्ती तेथेच होते. हेही तसेच.

या तिसऱ्या विद्येचा पहिला जगन्मान्य वस्ताद डेनिस फाँग हा होय. हाँगकाँगमध्ये जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला हा तरुण 'थ्रेश' या नावाने खेळे. १९९७ मध्ये 'रेड ॲनायहिलेशन' या स्पर्धेच्या अंतिम फेरीत, अटलांटा येथील ई-थ्री प्रदर्शनात, त्याने टॉम किम्झी यास १४ विरुद्ध उणे १ अशा गुणांनी हरवले. उणे गुण कसा, असे कोणी विचारील. स्वतःच्याच हातून मेल्यास क्वेकमध्ये एक गुण वजा होतो. बक्षीस म्हणून कारमॅक यांनी स्वतःची तांबडी फेरारी मोटार दिली. कोल्हापुरात चांदीची गदा देतात. तेथे मोटार दिली. थ्रेशच्या खेळाविषयी बोलताना लोक नेमापेक्षा वेगळ्याच गोष्टीचा उल्लेख करत. समोरच्याच्या मनातले त्याला आधी कळते, असे ते म्हणत. वर सांगितलेली मोजणी ज्यांना ठाऊक नव्हती, त्यांना तो चमत्कार वाटला. कळपटाच्या डाव्या बाजूच्या चार अक्षरांवर बोटे ठेवून चालायचे आणि उजव्या हातातल्या माउसने पाहायचे, ही आज सर्वत्र रूढ असलेली बैठकही त्याच्या अनुकरणातून पुष्कळ पसरली. मल्लविद्येत तिला पवित्रा म्हटले असते.

आम्ही हे वैरागहून लिहितो आहोत. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. टेक्सास येथून दूर आहे. पण कल्याणी फार दूर नाही. आज बीदर जिल्ह्यात बसवकल्याण म्हणून ओळखले जाणारे ते नगर चालुक्यांची राजधानी होते, आणि हा सारा प्रदेश त्यांच्या अमलाखाली होता. त्याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत कोशग्रंथ रचला. त्याच्या विनोदविषयक भागात, म्हणजे राजाच्या रंजनाच्या प्रकारांत, शस्त्रधारी वीरांच्या द्वंद्वांचा अंकविनोद आहे आणि कुस्तीचा मल्लविनोदही. मल्लांच्या ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक आणि गोवल अशा प्रती तेथे सांगितल्या आहेत. त्याहून आम्हांस महत्त्वाचे वाटते ते मेहनतीचे वर्गीकरण: भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम, स्तंभश्रम. म्हणजे ओझे उचलणे, चालणे, पाण्यात मेहनत, हातांची रेटारेटी आणि खांबावरची कसरत. लढण्याची एकसंध वाटणारी विद्या तिच्या घटकांत मोडायची, एकेक घटक वेगळा घोटायचा, आणि मग आखाड्यात सर्व एकत्र जुळवायचे, ही बुद्धी त्या ग्रंथात स्वच्छ दिसते. क्वेकचे खेळाडूही हेच करीत आले. उड्यांचा सराव करण्यासाठी त्यांनी 'डीफ्रॅग' नावाची वेगळी आवृत्तीच तयार केली; तिच्यात बहुधा शत्रूच नसतो, केवळ खांबावरून खांबावर जायचे असते. स्तंभश्रमाला याहून जवळचे भाषांतर मिळणे कठीण!

मराठीतही या जातीचे एक मोठे काम झाले आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला. १९३६ मध्ये आरंभ आणि १९४९ मध्ये समाप्ती. एकेक डाव, त्याची पकड, त्याची तोड, असे सारे शब्दांत आणि छायाचित्रांत उतरवण्याचा तो खटाटोप पाहिला की मन दिपते. वाईट इतकेच की मराठीच्या वर्गात त्याचे नावही कोणी घेत नाही. गद्याचा इतिहास शिकवताना आपण निबंध, कादंबरी आणि चरित्र यांच्यापाशी थांबतो. एका सेकंदात घडणारी शरीराची हालचाल वाचकास करता येईल इतक्या नेमकेपणाने लिहिणे ही गद्याची केवढी कसोटी आहे, याकडे आपले लक्षच गेलेले नाही. ढाक कसा मारतात हे चार वाक्यांत लिहून पाहावे, मग कळेल.

ढाक म्हटला की खाशाबा जाधव यांची आठवण येते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गेला, तेव्हा मातीऐवजी गादीवर लढावे लागले. तो सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकी येथे त्याने कांस्यपदक मिळवले. माती गेली आणि गादी आली की घर्षण बदलते, पाय रोवण्याची पद्धत बदलते, काही डाव मरतात, काही नव्याने जन्मतात. क्वेकच्या एका आवृत्तीतून दुसरीत जाणाऱ्यांची तक्रार हीच असे: माती बदलली. तेव्हा काही खेळाडूंनी क्वेक थ्रीच्या हालचालींचे नियमच आपल्या मनासारखे बदलून हवेतल्या हवेत वळण्याची मोकळीक देणारी स्वतंत्र आवृत्ती काढली आणि तिच्या स्पर्धाही भरवल्या. मातीत हळद, ताक आणि तेल आपल्या हिशेबाने कालवणाऱ्या तालमींना हे समजायला अवघड जाऊ नये.

आपल्याकडे हा अरीना तसा पुरता रुजला नाही. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पण टेलिफोनच्या तारेवर परदेशी यंत्राशी जोडून क्वेक खेळणे म्हणजे पत्राने बुद्धिबळ खेळण्यासारखे. लढती झाल्या त्या सायबर कॅफेंत, शेजारच्या संगणकावरच्या मित्राशी. आणि तेथे राज्य केले ते 'काउंटर-स्ट्राइक'ने. त्यात संघ असतात, शस्त्रे विकत घ्यावी लागतात, मेलेला फेरी संपेपर्यंत बाहेर बसतो. धावण्याचे महत्त्व ओसरले, थांबून नेम धरण्याचे वाढले. बंदुकीच्या धक्क्याने नेम ज्या ठरावीक रेषेत भरकटतो, ती रेषा पाठ करून माउस नेमका उलट ओढायचा, ही तेथली मुख्य तालीम. पाठांतराची विद्या, असे म्हणू या.

खेड्यापाड्यांपर्यंत लढत पोहोचली ती फोनमुळे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि २०१८ मध्ये पब्जी मोबाइल आला. शंभर जणांच्या त्या मोठ्या खेळाच्या पोटात एक लहान प्रकार पुढच्या वर्षी दाखल झाला: एका गोदामात चार विरुद्ध चार, मेले की पुन्हा उभे, आणि ४० बळी आधी घेणारा संघ विजयी. हा तर जुना अरीनाच होता, वेश बदलून आलेला. मोठ्या खेळात पंधरा-वीस मिनिटे लपतछपत काढल्यावर जी एक झुंज वाट्याला येई, ती गोदामात दर दहा सेकंदांना मिळे. मुलांनी तिचे तालीमखान्यात रूपांतर केले. दोन अंगठ्यांऐवजी चार बोटांची पकड, फोन तिरका करून नेम सुधारणे, डावी-उजवी सरकत मारा करणे, हे सारे तेथे घोटले गेले. दोघांत वाद झाला की स्वतंत्र खोली उघडून एकास एक लढायचे आणि निकाली लावायचे. बिनगुणांची, चितपटीची कुस्ती.

आणि येथेच आम्हांस काळजी वाटते. डूम आणि क्वेक यांनी झुंजी नोंदवण्याची सोय आरंभापासून ठेवली होती. ती नोंद चित्रफीत नसते. डूममध्ये तर खेळाडूने कोणत्या क्षणी कोणती कळ दाबली, एवढेच तीत लिहिलेले असते, आणि यंत्र त्यावरून सबंध झुंज पुन्हा घडवून दाखवते. पुढे संहिता खुल्या झाल्या, म्हणून १९९० च्या दशकातील नोंदी आजही उघडतात. नवा शिकणारा त्या काळच्या वस्तादाच्या डोळ्यांनी त्याची झुंज पाहू शकतो. फोनवरच्या खेळांत असे काही नाही. संहिता बंद, यंत्र कंपनीच्या ताब्यात. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अडवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. दरम्यान पुण्याच्या सुपरगेमिंग या संस्थेने आधी 'मास्कगन' आणि २०२४ च्या ऑक्टोबरात 'इंडस' असे स्वतःचे नेमबाजीचे खेळ काढले. बंदीच्या बाजूने किंवा विरोधात आम्ही येथे बोलत नाही. आमचा मुद्दा एवढाच की आखाडा एका रात्रीत उचलला जाऊ शकतो, आणि त्याबरोबर हातांत जमलेली विद्याही. जे मागे उरले ते यूट्यूबवरच्या विजयाच्या चित्रफितींत. त्यांत डाव दिसतो, तोड दिसत नाही.

यंत्रालाही ही विद्या आता येते. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात डीपमाइंडच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की क्वेक थ्रीच्या आखाड्यात झेंडा पळवण्याचा खेळ त्यांच्या कृत्रिम खेळाडूंनी सुमारे साडेचार लाख झुंजींतून आपणहून शिकून घेतला आणि माणसांना हरवले. पण त्या खेळाडूंना काय समजले, हे त्यांना सांगता येत नाही. वस्ताद मुका निघाला तर पठ्ठ्याने काय करावे?

म्हणून आम्ही वैरागच्या मुलांच्या तोंडचे शब्द वहीत उतरवण्यास आरंभ केला आहे. नामे बहुतेक इंग्रजी, क्रियापदे सगळी मराठी. 'कव्हर दे', 'नॉक झालाय', 'झोन आला, पळ'. मेलेल्याच्या मागे त्याचे सामान राहते ती 'पेटी', आणि ती 'लुटायची'. एका कोपऱ्यात लपून बसणारा तो 'कॅम्पर'. भिंतीआडून डोके काढून पाहण्यास इंग्रजीत 'पीक' म्हणतात. तेव्हा ज्वारीच्या या मुलखात एक मुलगा दुसऱ्यास ओरडून सांगतो, 'उजवीकडून पीक घे', आणि दोघांपैकी कोणालाही त्यात काही विनोद वाटत नाही.